तात्यांना चंदीगड खाऊ घालताना

चंदीगडला राहायला गेलं की नातेवाईक वाढतात. तासगावला, आमच्या गावी, ज्यांनी आम्हाला लग्नात अक्षता टाकण्यापुरतंच ओळखलं होतं, त्या सगळ्यांना बाबांची बदली इकडे झाल्याबरोबर आमच्याबद्दल मायेचे उमाळे येऊ लागले, आणि हे उमाळे नेमके मे-जूनमध्येच यायचे. कारण उघड होतं. शिमला, मनाली, अमृतसर, कटरा, कुठेही जायचं झालं तरी चंदीगड वाटेत येतं, आणि चंदीगडमध्ये आम्ही येतो. एअरफोर्सचं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यातल्या बाहेरच्या खोलीत उन्हाळाभर सतरंज्या पसरलेल्या असायच्या आणि त्यांच्यावर कुणी ना कुणी घोरत पडलेलं असायचं. कूलर रात्रंदिवस खडखडायचा. डोक्यावरून मालवाहू विमान गेलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि पाहुणे अनवाणीच अंगणात धावायचे, "आलं बघ, आलं बघ" करत. अंगणातली फरशी तापलेली असायची. मग तेवढ्याच वेगाने ते उड्या मारत परत आत यायचे. दर वर्षी, दर पाहुणा. आधी सांगून ठेवलं तरी.

त्यांच्या पोटांचं गणित तर मला कधीच उलगडलं नाही. सकाळी आईला म्हणायचे, "वहिनी, प्रवासात फार अरबट-चरबट झालंय. साधा वरणभात टाका, वर तूप." आई बिचारी घाम पुसत कुकर लावायची. वरणभात खाऊन, ताक पिऊन, दोन तास ताणून दिल्यावर तेच पाहुणे उठून बसायचे आणि विचारायचे, "इथलं स्पेशल काय? बाहेर कुठं मिळतं?" मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मी घरातली एकुलती एक पोर, मला स्कूटी चालवता येत होती, आणि कॉलेजात असल्यामुळे मी रिकामीच असते अशी सगळ्यांची खात्री होती. त्यामुळे पाहुण्यांना गाव खाऊ घालत हिंडायचं काम माझ्याकडे आलं, ते आजतागायत सुटलेलं नाही.

आत्मकथन लिहायला माणसाची साठी तरी उलटावी, असं माझी एक मैत्रीण म्हणते. तिच्याकडे पाहुणे येत नाहीत. मी तिशीची आहे, पण बावीस सेक्टरच्या बाजारात मी जेवढ्या मावश्या-आत्यांच्या पिशव्या धरून उभी राहिले आहे, त्या हिशेबाने मी कधीच निवृत्त व्हायला हवं होतं. आता मी एकोणचाळीस सेक्टरमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत दिवसभर जंतूंबरोबर असते आणि संध्याकाळी शहराला लागून असलेल्या खरड गावी माझ्या फ्लॅटवर जाते. तरी फोन येतातच. "प्राजू, आम्ही दीड दिवस आहोत, काय काय खायलाच पाहिजे ते पाठव ना. आणि तू जंतूंमधली, तर पाणीपुरीचं पाणी कुठलं चांगलं तेही सांग." जंतूंमधली! जसं काही मी त्यांच्यातच वाढले.

पण सांगायचं आहे ते तात्यांच्या जूनबद्दल. त्या वर्षी माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपलं होतं आणि बाबांची बदली आली होती आसामला. तिथे लगेच क्वार्टर मिळणार नव्हतं, म्हणून आईने तासगावला जायचं, आणि मीही तिच्याबरोबर जाऊन सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं, असं घरात आपोआप बोललं जाऊ लागलं होतं. मी चौकशी केली होती. इथला अभ्यासक्रम तिथे धरला जात नव्हता, मला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. शिवाय मला इथली प्रयोगशाळा आवडत होती, इथले मास्तर आवडत होते. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गावातून निघायच्या आधी मला त्या गावाचा कंटाळा आलेला नव्हता. खरडला मुलींसाठी पीजी होती, माझ्या वर्गातल्या दोघी तिथे राहायच्या. मला राहायचं होतं. मी बाबांना तसं सांगितलं. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "दादाला विचारू."

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमचे तात्या. तासगावात त्यांचा बेदाण्याचा व्यापार होता. आजोबा लवकर गेले, तेव्हा तात्यांनीच बाबांना वाढवलं, भरतीला नेऊन उभं केलं, पुढे लग्नही लावून दिलं. त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता, आणि तो शब्द बहुतेक वेळा 'नाही' असायचा. आईला एअरफोर्स स्टेशनच्या शाळेत शिकवायला बोलावलं, तात्या नाही म्हणाले. मला शाळेच्या ट्रेकला जायचं होतं, तात्या नाही म्हणाले. आम्हाला कुत्रा पाळायचा होता. तासगावात गादीवर बसून तात्यांनी चंदीगडच्या कुत्र्याला नाही म्हटलं. दर वेळी बाबा फोनवर बोलून बाहेर यायचे, चेहरा पाडून माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "मी खूप सांगून बघितलं गं. पण दादा ऐकतच नाही." मग मला स्कूटरवर घालून कुल्फी खायला न्यायचे. एवढ्या प्रेमळ बापाच्या मानगुटीवर हा असला भाऊ का बसवला देवाने, असं मला कुल्फी खाताना वाटत राहायचं. तात्यांना मी दोन-तीन वर्षांतून एकदा भेटायचे. बाकीचे दिवस नुसताच त्यांचा राग करायचे.

आणि त्या जूनमध्ये तात्या स्वतः आले. शिमला करून, काकूला घेऊन. सहा फूट उंची, तेवढंच पोट, डोक्यावर टोपी, आणि हातात पोतं म्हणावं अशी पिशवी. त्यातून ज्वारीचं पीठ निघालं, भडंग निघालं, बेदाणे निघाले, आणि आमच्याकडे जिला नुसतं चटणी म्हणतात ती लालभडक कांदा-लसूण चटणी. आईचा चेहरा पीठ बघून उजळला. काकू कूलरसमोर बसली, ती शेवटपर्यंत तिथेच होती. "शिमल्याची थंडी बरी हुती की गं," एवढंच ती अधूनमधून म्हणायची. तात्यांनी मात्र पाणी पिऊन होण्याआधीच खिशातून फोन काढला. त्यांच्या मुलाने त्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. काळा चष्मा घातलेला एक पोरगा चंदीगडच्या रस्त्यांवर उभा राहून एकेक पदार्थ तोंडात घालत होता, दर घासाला डोळे फिरवत होता, आणि शेवटी बोट रोखून बजावत होता की हे सगळं खाल्ल्याशिवाय शहर सोडलंत तर तुम्ही आलातच कशाला.

"प्राजे," तात्या म्हणाले, "ह्यातलं एकबी सोडायचं न्हाई."

त्या रात्री बाबांनी मला बाजूला घेतलं. "दोन दिवस दादाला नीट फिरव. तुझं काय ते तो बघणार आहे. खूश ठेव त्याला." मी विचारलं, "तुम्ही बोललात ना त्यांच्याशी? माझ्या बाजूने?" बाबा म्हणाले, "बोललोय ना. बघू काय म्हणतो." आणि सकाळी मी उठायच्या आत ड्यूटीवर निघून गेले.

झालं. उन्हाळा असा, की दहा वाजताच रस्ते ओस पडायचे. त्या उन्हात माझं पुढचं आयुष्य स्कूटीच्या मागच्या सीटवर बसलं होतं आणि म्हणत होतं, "टोपी काढणार न्हाई." चंदीगडात हेल्मेटवरून पोलीस लगेच धरतात. मी पाया पडायचीच बाकी राहिले. शेवटी त्यांनी टोपीवरूनच हेल्मेट चढवलं, ते डोक्यावर अधांतरी राहिलं, आणि प्रत्येक चौकात मी ब्रेक दाबला की ते पुढे येऊन माझ्या पाठीत बसायचं. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, माणूस नाही. तात्या मागून ओरडून विचारत होते, "गाव कुठाय? गाव कवा येणार?" मी सांगितलं, हेच गाव आहे. "मग माणसं कुठं गेली?" दर सेक्टरला हाच प्रश्न. मला घाम फुटला तो उन्हाने नव्हे. ज्या गावात माणूस दिसत नाही त्या गावात हे मला कशाला ठेवतील?

पहिले छोले-भटुरे. दुकानासमोर उभं राहून खायचं, स्टीलच्या उंच टेबलावर. मी दोन प्लेट सांगायला लागले तर तात्यांनी मला अडवलं. "एकच घे. चव घ्यायची हाय, पोट भरायचं न्हाई." आपल्याकडची ही सवय, एका प्लेटमध्ये चौघांनी चमचे घालायचे. इकडे तसं कुणी मागत नाही. दुकानदाराला वाटलं आमच्याकडे काही अडचण आहे, त्याने एका प्लेटवर आपणहून दोन जास्तीचे भटुरे ठेवले आणि मला हळूच म्हणाला, "कोई गल्ल नहीं, बेटा, अंकल को खिलाओ." लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्यांनी घास घेतला, चावला, डोळे मिटले. बेदाण्याचा सौदा करताना ते तसेच डोळे मिटत असणार. मग डोळे उघडून म्हणाले, "तिखट कुठाय?" आणि सदऱ्याच्या खिशातून पुडी काढून त्यांनी छोल्यांवर चटणी भुरभुरली. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं थांबून बघायला लागली. शेजारच्या सरदारजींनी विचारलं, "ये क्या है, जी?" तात्यांनी त्यांच्या प्लेटमध्येही थोडी टाकली. त्यांनी खाल्ली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी तात्यांचा हात दाबून "वाह जी वाह" म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं ते लस्सीच पीत राहिले. तात्यांचं मत असं झालं की पंजाबी माणूस दिलदार, पण ताकद कमी.

मी तेवढ्यात विषय काढला. "तात्या, बाबा तुमच्याशी बोलले ना, माझ्या कॉलेजचं?"

"बोलला की. अगोदर ते कुलचं कुठाय ते बघू."

मग कुलचा झाला. कुलच्याबरोबर सोयाबीनच्या वड्यांची लोण्यात पोहणारी भाजी, इकडे त्याला न्यूट्री म्हणतात, तीही झाली. तात्यांनी विचारलं, ही वडी आपल्याकडं रेशनला मिळायची तीच ना? मी हो म्हटलं. "मग ह्यात काय बघायचं?" म्हणत त्यांनी सगळी संपवली. मी पुन्हा तोंड उघडलं. "तात्या, तिथे मला परत पहिल्या वर्षाला—" "ते गोलगप्पं राहिलंय," तात्या म्हणाले.

गोलगप्प्यांसाठी मी त्यांना मुद्दाम पंधरा सेक्टरला नेलं. तिथला भैया मला ओळखायचा, आणि इथे मला ओळखणारी माणसं आहेत हे तात्यांना दिसावं असं माझ्या मनात होतं. भैयाने विचारलं, "आटे वाले या सूजी वाले?" तात्यांनी विचारलं, ह्यात फरक काय, चांगलं कुठलं, तू स्वतः कुठलं खातोस, तेल कुठलं, पाण्यात पुदिना आहे की नुसता रंग. मागे रांग लागली. भैया एकेक गोलगप्पा हातावर ठेवत होता आणि तात्या तो हातात धरून उजेडात फिरवून बघत होते, तोवर त्यातलं पाणी गळून त्यांच्या सदऱ्यावर. मागच्या मुली खुसखुसत होत्या. तेवढ्यात त्या भल्या माणसाने माझ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "मैडम, आज वो चश्मे वाले भैया नहीं आए साथ में?"

कुणी ओळखत नाही म्हणून पंचाईत होती, तिथे आता ओळखतो म्हणून पंचाईत. माझे कान गरम झाले. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, भैयाकडे बघितलं, आणि हातातला गोलगप्पा अख्खा तोंडात टाकला. बराच वेळ ते तो चावत होते. मग म्हणाले, "अजून एक दे." संपलं, मी मनात म्हटलं, गेलं माझं कॉलेज. कुणा चष्मेवाल्याबरोबर पाणीपुरी खाणारी पोर हे तासगावच्या अंगणात नेऊन बांधणार.

तात्यांनी हात सदऱ्यालाच पुसले. त्यांनी फोन काढला आणि म्हणाले, "आता ही हिरवी भाजी." ती हिरवी भाजी म्हणजे सरसों का साग. मी समजावलं की ही मोहरीची पानं थंडीत येतात, डिसेंबर-जानेवारीत. जूनमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस तापमानात ती कुठेही उगवत नाही. त्या पोराने व्हिडिओ स्वेटर घालून केलाय, बघा ना नीट. तात्या म्हणाले, "विचारायला काय हरकत हाय?" आम्ही चार ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी लोक हसले. पाचव्या ठिकाणी एका हॉटेलवाल्याने डबाबंद साग गरम करून पुढे ठेवला. त्याला डब्याचाच वास येत होता. तात्यांनी मान डोलावली, म्हणाले, "चला, हे बी झालं." मी स्कूटीची किल्ली मुठीत इतकी आवळली होती की तळव्यावर वळ उठले. आज कुणी माझ्याकडे जूनमध्ये साग मागतं तेव्हा मी त्यांना फोनवरच सांगते की चंदीगडला येऊच नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची टिक्की आणि कुल्फी-फालुदा झाला होता, राजमा-चावल राहिले होते, आणि मी अजून काहीही ऐकलेलं नव्हतं. रात्री त्यांची गाडी होती. मी आदल्या रात्रभर जागून बोलायचं काय ते पाठ केलं होतं, पण मी 'तात्या' म्हटलं की ते 'राजमा' म्हणायचे. त्या रागातच मी स्कूटी जोरात नेत होते. एका वळणावर पुढे रस्ता अडलेला दिसला. दहा-बारा माणसं, केशरी आणि निळ्या पगड्या, हातात झेंडे, ती सरळ गाड्यांच्या आडवी येऊन गाड्या थांबवत होती. एकाने माझ्या स्कूटीचं हँडलच धरलं.

"प्राजे, पळीव गाडी!" तात्या मागून ओरडले. "लुटाय लागल्यात!"

मी कशी पळवणार? तोवर दुसऱ्याने तात्यांच्या हातात स्टीलचा ग्लास कोंबला होता. गुलाबी, गारेगार. दुधात पाणी, साखर, गुलाबाचं सरबत आणि बर्फ. ती छबील होती. शिखांच्या पाचव्या गुरूंच्या शहीदीच्या दिवसांत, ऐन उन्हाळ्यात, इथे लोक चौकाचौकात उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून हे गोड पाणी पाजतात. कोण आहात, कुठले आहात, विचारत नाहीत. न पिता पुढे जाऊ देत नाहीत. मी हे दर वर्षी बघत होते आणि त्या दिवशी डोक्यात इतकी आग होती की ध्यानातच आलं नाही. तात्यांनी ग्लास नाकाशी नेला, जिभेवर घेतला, आणि मग एका दमात संपवला. मग खिशातून नोट काढली. समोरचे म्हातारे सरदारजी हात मागे घेऊन हसले, "पैसे नहीं, जी. एक गिलास होर पियो." तात्यांनी आणखी एक प्यायला. नोट तशीच हातात धरून त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, मग ती गुपचूप खिशात ठेवली. तिसरा ग्लास घेऊन ते रस्त्याकडेच्या झाडाखाली जाऊन बसले, हेल्मेट काढलं, टोपीही काढली. टोपीशिवाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. टक्कल घामाने निथळत होतं. ते एकदम थकलेले दिसले.

मी समोर उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले होते. "तात्या, एकदाच सांगा. हो की नाही?"

"कशाचं?"

"माझ्या इथे राहण्याचं! तुम्ही ठरवणार होतात ना?"

तात्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी कशाला ठरवू? पोर तुझ्या बापाची. त्यानं म्हैन्यापूर्वीच फोन केलाय मला. दादा, पोरगी ऱ्हातो म्हणतीया, मला तिला सोडवत न्हाई, आन् तिच्या तोंडावर न्हाई बी म्हणवत न्हाई. तू येणारच हायस, तर तूच न्हाई म्हणून टाक."

मला आधी कळलंच नाही.  मग मी विचारलं, "आणि आमचा कुत्रा?"

"कसलं कुत्रं?"

"आम्हाला पाळायचा होता. तुम्ही नाही म्हणालात."

"मला काय करायचंय तुमच्या कुत्र्याचं?" तात्या खरोखर चकित झाले होते. "ते बी माझ्या नावावर घातलं व्हय त्यानं?"

"आणि आईची शाळेतली नोकरी?"

"त्या टायमाला विचारलं हुतं. म्हणला, दादा, तुझं नाव सांगतो. म्हटलं सांग. थोरला भाऊ आनी कशाला असतो?" त्यांनी छातीवरून हात फिरवला. "कालपास्नं मी कशाला खातोय असं वाटतंय तुला? त्या भटुऱ्यानं छातीत जळजळ व्हाय लागलीया. सकाळी उठलं की वाटायचं, आज सांगून टाकावं. की तू आपली किल्ली घिऊन हुभी, तात्या चला. तोंड उघडायचं म्हटलं की त्यात घास घालत बसलो. पोरी, लई वंगाळ काम हाय हे. तीस वर्सं करतोय."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. दोन दिवस मी ज्या माणसाला खूश करायला उन्हात मरत होते त्याच्या हातात काहीच नव्हतं. आणि ज्याच्या हातात होतं तो दर वेळी मला कुल्फी खायला नेत होता. सरदारजी येऊन माझ्या हातात ग्लास देऊन गेले, त्यांना वाटलं मला ऊन लागलं. मी प्यायले. तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि विचारलं, "तो चष्मेवाला कोण?"

"वर्गातला आहे. त्याच्या वह्या चांगल्या असतात."

"बरं," तात्या म्हणाले. राजमा-चावल त्यांनी सोडून दिले.

घरी आलो तेव्हा बाबा ड्यूटीवरून आलेले होते, बनियनवर बसून चहा पीत होते. आमच्याकडे बघून त्यांनी चेहरा पाडायची तयारी केलेली मला दिसली. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखत होते, फक्त तो तयार करतात हे मला माहीत नव्हतं. ते तात्यांना म्हणाले, "काय दादा, झालं का बोलणं?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "मी खायला आलो हुतो, खाल्लं. पोरीला काय सांगायचं ते तू सांग, सदा. मी हो बी म्हणणार न्हाई आन् न्हाई बी म्हणणार न्हाई." आणि काकूला उठवून, तिला गुडघ्यांचं निमित्त सांगायला वेळ न देता, ते तिला फिरायला घेऊन गेले. त्या उन्हात.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग कूलरकडे. बघायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा माझ्याकडे बघितलं. हँगरमधली पन्नास माणसं ज्यांच्या आवाजाला टरकतात ते माझे बाबा कपाची कड अंगठ्याने पुसत बसले. शेवटी ते म्हणाले, "नाही. तू इथे राहायचं नाहीस. मी सांगतोय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला नाही म्हटलं, आणि मी पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. तात्यांच्या नकाराशी भांडायची सोयच नव्हती, तो कुठून तरी दुरून यायचा आणि बाबा माझ्याच बाजूला उभे असायचे. हा नकार समोर बसला होता, बनियनवर, हातात चहाचा कप घेऊन. मी ओरडले. बाबाही ओरडले. कुत्रा, ट्रेक, सगळं निघालं. नोकरीचं निघालं तेव्हा आईने दारातूनच विचारलं, "ते पण तुम्हीच?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन कुकर आपटला. बाबा म्हणाले, पीजीत कोण कुठल्या मुली असतील. मी म्हटलं, दोघी माझ्या वर्गातल्या आहेत, उद्या घरी आणते. बाबा म्हणाले, आजारी पडलीस तर? मी म्हटलं, तुमच्या स्टेशनचं हॉस्पिटल आहे, माझ्याकडे कार्ड आहे. बाबा म्हणाले, रस्त्याला माणूस नसतो इथे. मी म्हटलं, असतात, आत्ता आम्हाला अडवून पाणी पाजलं त्यांनी. बाबा म्हणाले, जेवणाचं काय? मी म्हटलं, दोन दिवस तुमच्या भावाला अख्खं चंदीगड खायला घातलंय, मला विचारता? एकेक कारण ते पुढे करत होते आणि एकेक मी खोडत होते. माझा घसा बसला, त्यांचाही बसला. शेवटी त्यांची कारणं संपली.

"अजून काय?" मी विचारलं.

"अजून काही नाही." त्यांनी गार झालेला चहा उगाचच हलवला. "घरी आल्यावर तू नसशील, एवढंच."

 मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तात्या आणि काकू परत येईपर्यंत आम्ही दोघांनी तो गार चहा संपवला, आणि पुढच्या रविवारी बाबांच्या स्कूटरवरून खरडला खोली बघायला गेलो.